थोरल्या मुलाचा प्रश्न: ख्रिस्ती विश्वासात आनंद कोठे सापडतो?

भगिनी, प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मग एक दिवस बाजूला ठेवला, कारण आजवर तुम्हाला घाईने उत्तरे देणाऱ्यांत आणखी एकाची भर घालावी असे मला वाटले नाही. तुम्ही लिहिता की तुमचा जन्म ख्रिस्ती घरातला, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, वेळेवर देता, महिला मंडळाचे हिशेब सांभाळता. दोन वर्षांपूर्वी आई गेली, पाठोपाठ यजमानांची नोकरी सुटली, आणि गेले वर्षभर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गीत म्हणताना ओठ हलतात पण आत काहीच हलत नाही. घरगुती प्रार्थनेत हे बोलून दाखवले तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावाने सांगितले की तुमचा विश्वास कमी पडतो आहे, उपवास वाढवा. तुम्ही उपवास वाढवले आणि मन अधिकच कोरडे झाले. तेव्हा तुमचा प्रश्न असा की खरा आनंद ख्रिस्तात आहे असे आपण सगळे म्हणतो, तर तो मला का मिळत नाही?

नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत आणि नंतर पुण्यात मिळून एकतीस वर्षे मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून सेवा केली आहे. या काळात हा प्रश्न माझ्याकडे सर्वाधिक वेळा आला तो नव्याने विश्वासात आलेल्यांकडून नव्हे, तर तुमच्यासारख्या, मंडळीचा भार वाहणाऱ्या माणसांकडून. त्याचे कारण काय असावे, ते पुढे सांगतो.

मुळात एक गोष्ट आधी विचारली पाहिजे. तुम्हाला झोप लागते का? जेवण जाते का? सकाळी उठावेसेच वाटत नाही, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर उपवास थांबवा आणि डॉक्टरांना भेटा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांनाही. मधुमेहासाठी गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही, मग नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्याला का म्हणावे? बायबलमधला एलीया संदेष्टा रानात झाडाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' असे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. हा क्रम माझ्या लक्षात यायला सेवेची बरीच वर्षे जावी लागली, आणि तोवर मी काही दुःखी माणसांना भाकरीच्या जागी उपदेश दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मंडळीतल्या त्या भावाने ज्या वचनाच्या आधारे तुम्हाला दोषी ठरवले असावे, त्याकडे वळू. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वाक्य येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै या नगरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. चार अध्यायांचे हे लहानसे पत्र, पण आनंदाचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि लिहिणारा त्या वेळी बेड्यांत होता. इथपर्यंत बहुतेक उपदेशक सांगतात. मात्र त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एपफ्रदीत नावाच्या सहकाऱ्याच्या आजाराविषयी लिहितो की तो मरणाला टेकला होता, पण देवाने त्याच्यावर दया केली आणि केवळ त्याच्यावर नव्हे तर माझ्यावरही, यासाठी की मला दुःखावर दुःख होऊ नये. तिसऱ्या अध्यायात तो काही लोकांविषयी रडत रडत लिहितो आहे असे स्वतःच सांगतो. म्हणजे 'सर्वदा आनंद करा' असे सांगणारा माणूस रडत होता, काळजीत होता, सहकारी गेला असता तर कोसळलो असतो हे मोकळेपणाने कबूल करत होता. आणि समाधानाविषयी बोलताना चौथ्या अध्यायात तो असे म्हणतो की मी हे शिकलो आहे. ज्याला शिकावे लागते त्याला काळ लागतो. पौलाला लागला, तर तुम्हाला का लागू नये?

स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला स्तोत्रांचा ग्रंथ, उघडली की हेच आणखी स्पष्ट होते. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बेचाळिसाव्या स्तोत्रातला भक्त 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' असे स्वतःला विचारतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात उजेडाची एक ओळही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण तेही देवाकडेच तोंड करून म्हटलेले आहे. तुम्ही गीत म्हणू शकत नसाल त्या रविवारी हे स्तोत्र मनात म्हणा. ती उपासनाच आहे.

सुख बाहेरचे आणि आनंद आतला, सुख जगाचे आणि आनंद देवाचा, अशी भिंत घालण्याची आमच्यापैकी अनेक पाळकांना सवय आहे. ती मला पूर्णपणे पटत नाही. सोळाव्या स्तोत्राच्या शेवटच्या ओवीत देवाच्या सान्निध्यातला पूर्णानंद आणि त्याच्या उजव्या हातातली सौख्ये शेजारी शेजारी येतात. येशूने पहिले चिन्ह, म्हणजे पहिला चमत्कार, केले ते काना गावच्या लग्नघरी, आणि द्राक्षारस संपला म्हणून सहा दगडी रांजण पाण्याने भरायला लावून त्या पाण्याचा द्राक्षारस केला. यजमानांना काम मिळावे, घरात चार पैसे यावेत, असे तुम्हाला वाटणे हे काही हलक्या दर्जाचे मागणे नाही. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आहेच. भिंत घालायचीच असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी घालावी लागेल, आणि त्यासाठी मला लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाकडे जायचे आहे.

त्या अध्यायात हरवलेल्या मेंढराचा, हरवलेल्या नाण्याचा आणि हरवलेल्या मुलाचा, असे तीन दृष्टांत आहेत, आणि तिन्हींत आनंद करतो तो शोधणारा. मेंढरू आनंद करत नाही, नाणे तर करूच शकत नाही. मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावतो, नाणे सापडलेली स्त्री मैत्रिणींना बोलावते, आणि आपली वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी घालतो. आनंद आधी देवाचा असतो आणि आपल्याला त्यात बोलावले जाते. या एका गोष्टीने माझ्या सेवेची दिशा बदलली, कारण तोवर मी लोकांना आनंद निर्माण करायला सांगत होतो, आणि ज्याच्याकडे तो आधीपासून आहे त्याच्याकडे त्यांना नेत नव्हतो.

आणि मग थोरला मुलगा येतो. तो शेतात राबत होता. घराजवळ येताच त्याला वाद्ये आणि नाच ऐकू येतो, आणि घरात काय चालले आहे ते त्याला चाकराला विचारावे लागते. घरात राहणाऱ्याला घरातला आनंद चाकराकडून कळावा, यापेक्षा मोठे दुःख कोणते? बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, तेव्हा तो म्हणतो, मी इतकी वर्षे तुमची चाकरी करत आहे, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, तरी मला मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही कधी करडूही दिले नाही. मूळ ग्रीकमध्ये येथे जे क्रियापद आहे ते गुलामासारखे राबण्याचे आहे. मुलगा असून त्याने स्वतःला गडी समजले होते, आणि गड्याला आनंद मिळत नसतो, मजुरी मिळते. ती ठरल्यापेक्षा कमी वाटली की कुरकुर सुरू होते. यावर बाप त्याला आणखी राबायला सांगत नाही. 'बाळा' अशी हाक मारून तो म्हणतो की तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस आणि जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे.

भगिनी, रागावू नका, पण तुमच्या पत्रात मला थोरल्या मुलाचा आवाज ऐकू आला. मीही त्याच जातीचा आहे, म्हणून तो लवकर ओळखता येतो. दशांश, हिशेब, उपवास, उपासना हे सगळे चांगले आहे, पण तुम्ही ते ज्या क्रमाने लिहिले आहे त्यावरून वाटते की हे सर्व देऊन झाल्यावर पलीकडून आनंद यायला हवा होता, आणि तो आला नाही. मंडळीत सर्वांत जास्त राबणाऱ्यांच्या वाट्याला हा कोरडेपणा येतो तो यामुळेच, असे माझे मत आहे. मंडळीतल्या त्या भावाने उपवास वाढवायला सांगितले म्हणजे त्याने गड्याला जास्त तास राबायला सांगितले.

हे केवळ तुमचे-माझे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. 1874च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये पती गेले, आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, ख्रिस्ती सिद्धांतांचा कसून विचार करूनच त्या विश्वासात आल्या होत्या. पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी पाठबळ मिळवले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या विश्वासात उणे काय ते दिसले नसते. पण बऱ्याच वर्षांनंतर साक्ष लिहिताना त्यांनी स्वच्छ सांगितले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ही जाणीव झाली. आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी जे केले, दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना आणि स्त्रियांना घर दिले, शिक्षण दिले, हाताला काम दिले, ते बहुतांशी त्यानंतरचे आहे. काम त्यांनी आधीही केले होते. तेव्हा कामाचा अभाव हे कारण नव्हते. पुढेही दुःख टळले असे नाही, कारण ज्या मनोरमेने त्यांच्या पश्चात काम चालवायचे होते ती 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली आणि वर्षभरात, एप्रिल 1922 मध्ये, रमाबाईही गेल्या. ज्यांना वाटते की विश्वास ठेवला म्हणजे संकटे येत नाहीत, त्यांनी हे आयुष्य नीट पाहावे.

काही ठिकाणी आता असे शिकवले जाते की देणगी हे विश्वासाचे बीज आहे, ते पेरले की नोकरी, घर, आरोग्य आणि आनंद यांचे पीक येते. यजमान घरी बसलेले असताना तुम्हालाही असे कोणी सांगेल. ऐकू नका. ते येशूचे शिक्षण नाही. त्याने डोंगरावर तोंड उघडले तेव्हा त्याचा पहिला शब्द 'धन्य' हा होता, आणि ज्यांना त्याने धन्य म्हटले त्यांत शोक करणारे दुसऱ्याच ओळीत येतात.

माझी स्वतःची एक गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. सेवेच्या नवव्या वर्षी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. मी त्याच आठवड्यात उपदेश केला, पुढच्या आठवड्यात एक लग्न लावले, आणि असे जवळजवळ सव्वा वर्ष गेले. लोक म्हणत, पाळकसाहेबांचा विश्वास पाहा. आत राख होती. शेवटी एका सेवानिवृत्त पाळकांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी माझ्यासाठी लांब प्रार्थना केली नाही. 'तीन महिने प्रभुभोजन तू देऊ नकोस, घे,' एवढेच ते म्हणाले. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी शेजारच्या गावच्या पाळकांना यायला सांगण्याची व्यवस्थाही त्यांनीच केली. मी मागच्या बाकावर बसू लागलो. पहिल्या महिन्यात काही झाले नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या वेळी माझ्या शेजारी उसतोडीला जाणारी एक आजी बसली होती. भाकरीचे ताट तिने माझ्या हातात दिले, तिच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या, आणि ताट देताना ती नुसते 'घे, लेकरा' म्हणाली. मला ती एरवी पाळकसाहेब म्हणत असे. मी तेथे बसून रडलो, भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा. त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण आनंदाला यायला दार त्या दिवशी उघडले, कारण सेवेच्या इतक्या वर्षांत प्रथमच मी देणारा नव्हतो.

म्हणून तुम्हाला सांगतो की महिला मंडळाचे हिशेब काही महिन्यांसाठी दुसऱ्या कोणाकडे द्या. लोक बोलतील, बोलू द्या. उपासनेला जा, पण गीत म्हणवत नसेल तर म्हणू नका, ऐका. नारायण वामन टिळकांसारख्यांनी आपल्याला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवरची गीते दिली, ती एकट्याने म्हणायची नाहीतच. पेटी आणि तबल्यासह सगळी मंडळी ती म्हणते तेव्हा ज्याचा गळा दाटला आहे त्याच्या वतीनेही ती म्हटली जातात. पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाच्या वतीने तुम्ही म्हणाल.

अपराधाविषयीही थोडे लिहितो, कारण आईच्या आजारपणात शेवटचे दोन महिने तिच्याजवळ राहता आले नाही असे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा दिवसभर कण्हून माझी हाडे झिजली. न बोललेला अपराध आनंद खातो, मग तो खरा असो की मनाने लादलेला. खरा असेल तर तो कबूल करावा आणि क्षमा घ्यावी. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले ते सर्वसाधारण पापांसाठी केले तसे या विशिष्ट अपराधासाठीही केले, हे नाव घेऊन स्वतःला सांगावे. आणि तो लादलेला असेल, म्हणजे त्या वेळी नोकरी आणि मुलांच्या परीक्षा सोडून जाणे तुम्हाला खरोखर शक्यच नसेल, तर त्यासाठी क्षमा मागत राहण्याने तो हलका होत नाही, उलट मुरतो. तेथे शोक करावा लागतो. दोन्हींतला फरक एकटीने ओळखणे कठीण असते. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एखाद्या पाळकांपुढे किंवा वयस्क बहिणीपुढे बसून हे पूर्ण सांगा, आणि ऐकणारा माणूस लगेच वचन सांगू लागला तर त्याला थांबवा.

'राहा' हा शब्द योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतो. द्राक्षवेलात फाटा राहतो, तसे माझ्यामध्ये राहा, असे येशू शिष्यांना सांगतो, आणि मग म्हणतो की माझा आनंद तुमच्यामध्ये असावा म्हणून मी हे बोललो. माझा आनंद, असे तो म्हणतो, आणि तेही वधस्तंभाच्या आदल्या रात्री. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची नावे आहेत, त्यांत आनंदाचे नाव प्रीतीच्या लगेच नंतर आहे, आणि फळ पिकते ते आपल्या वेळेने. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत. बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी मुद्दाम तोडतात, झाडाला ताण देतात, पाने गळतात, आणि नवख्या माणसाला वाटते की बाग गेली. प्रत्येक दुःखाला असा हेतू असतो असे मी म्हणणार नाही, भावाच्या मृत्यूला तो होता असे मी आजही म्हणू शकत नाही. पण पाने गळलेल्या झाडाकडे पाहून त्याच्या मुळांविषयी निकाल देऊ नये, एवढे मी त्या बागांतून शिकलो.

बायबलमधल्या नहेम्याच्या काळी लोक देवाचे नियमशास्त्र ऐकून रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ आहे. हे वाक्य आपण दिनदर्शिकांवर छापतो, पण त्याच वचनात आधी सांगितलेले सोडून देतो: जा, मिष्टान्न खा, गोड पेय प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटे पाठवा. फिलिप्पैच्या पत्रातही पौल ज्यांना 'माझा आनंद व मुकुट' म्हणतो ती माणसे आहेत. ख्रिस्ती आनंद एकट्याच्या खोलीत दार लावून सहसा सापडत नाही, तो ताटावरून येतो.

तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेख एकदाच आला आहे, आणि तोही नोकरी सुटल्याच्या संदर्भात. ते गेले वर्षभर घरी आहेत, तुम्ही गेले वर्षभर आतून कोरड्या आहात, आणि हे एकाच घरात घडते आहे. मला जे लिहिले ते तुम्ही त्यांना सांगितले आहे का? सांगितले नसेल तर या शनिवारी मुले झोपल्यावर, चहा ठेवून, त्यांच्यासमोर बसा आणि ते पत्र जसेच्या तसे वाचून दाखवा. प्रार्थना त्यानंतर करावीशी वाटली तर करा, नाही वाटली तर नुसते बसा. काय झाले ते मला नंतर कळवा.